मुक्या तळ्यावरची नराणी

खारशेत गावात मुलींनी अंगठ्याची नखं वाढवायची नाहीत. बाकीच्या आठ बोटांचं काहीही करा, रंगवा, वाढवा, कोणी विचारायला येत नाही. अंगठे मात्र तळ्याचे. दर्शनाला हा नियम पाचव्या वर्षी कळला. तिनं ‘का?’ विचारलं तेव्हा आत्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि तळ्याच्या दिशेला पाहिलं, जणू ते ऐकत होतं.

तळं गावदेवीच्या देवळामागे आहे. टेकडीच्या पायथ्याशी कातळात खोदलेलं, चौकोनी, काळ्या पाण्याचं. भर पावसाळ्यात आजूबाजूच्या शेतांत बेडकांचा गोंगाट चालू असतो, पण या पाण्यातून एकही ओरडत नाही. म्हणून ते मुकं तळं. काठावर पाटाएवढा एक दगड आहे. त्यावर शेजारी शेजारी दोन लांबट खळगे, अंगठा आडवा बसेल एवढे, आणि दोन्ही खळग्यांना छेदून गेलेला एक सरळ चर.

देवळाच्या तुळईला लाल फडक्यात बांधलेलं एक वाजं टांगलेलं असतं. दोन पंजांत मावेल एवढी लाकडी पेटी, वर लोखंडाच्या नऊ पात्या. ते वाजवायचं नाही. वर्षातून एकदा, चैत्रातल्या जत्रेच्या आदल्या दिवशी, गुरवाच्या घरातल्या पुरुषानं खाली काढून त्याला खोबरेल चोळायचं आणि परत टांगायचं. जत्रेच्या सकाळी त्याच घरातली एक लग्नाची मुलगी दगडाशी बसते, खळग्यांत अंगठे ठेवते आणि थोरली बाई न्हाव्याकडे असते तसल्या नराणीनं तिची नखं मांसापर्यंत काढून पाण्यात सोडते.

यंदा पाळी दर्शनाची होती.

ती पनवेलला एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिच्या खोलीत एक कलिंबा होता, अंगठ्यांच्या नखांनी वाजवायचं लहानसं आफ्रिकी वाद्य. तो घेताना तिनं दुकानात चार हाताळले होते. एकाची टोकाची पाती बोदी वाजत होती, एकाचं लाकूड जड होतं, एक नुसताच चकचकीत होता. चौथ्याची पाती सोडून दिली तरी सूर छातीशी धरलेल्या लाकडात कितीतरी वेळ राहिला. तो तिनं घेतला. पात्या इवल्या हातोडीनं पुढेमागे सारून सूर लावायला ती शिकली. वाजवून झाल्यावर घाम कोरड्या फडक्यानं टिपायला शिकली. अंगठ्याची नखं अर्ध्या तांदळाएवढी वाढवून, तासून ठेवायलाही. आणि पहिल्यांदा तो हातात घेतला त्याच क्षणी तिला कळलं होतं की असलं वाजं आपल्या देवळात आहे.

म्हणूनच आदल्या दिवशी वाज्याला तेल लावायला तिनं नाही म्हटलं नाही. दाजींचे, म्हणजे तिच्या चुलत आजोबांचे हात यंदा फारच कापत होते आणि घरात दुसरा पुरुष नव्हता.

“कोणाला बोलू नको गो. तूच तेल लाव,” असं म्हणून दाजी गुरव देवळाच्या दाराशी पाठ फिरवून उभे राहिले.

दर्शनानं तेलाची वाटी बाजूला सारली. लाकडाला आणि लोखंडाला असं तेल चोळणं म्हणजे वाद्याचा घातच, हे तिला ठाऊक होतं. पिढ्यान्‌पिढ्यांचं खोबरेल थरावर थर गोठून काळ्या डांबरासारखं झालं होतं. ती कोरड्या फडक्यानं घासत गेली. थर निघाला तसं तिला आश्चर्य वाटलं. आत गंज नव्हता. तेलानं वाद्य मुकं केलं होतं, पण जसंच्या तसं राखलंही होतं.

पात्यांची टोकं वरून झिजलेली होती. ते बरोबरच होतं. अंगठ्याच्या नखानं पाती दाबून सोडतात, ती वरूनच झिजते. मग तिनं सहज टोकांच्या खालून बोट फिरवलं आणि ते खोबणीत गेलं. नऊच्या नऊ पात्या खालून झिजल्या होत्या, वरच्यापेक्षा दुप्पट. पेटीची पाठही मांडीवर घासून घासून गुळगुळीत झालेली. म्हणजे कोणीतरी हे वाजं मांडीवर ठेवून, अंगठ्याजवळच्या बोटानं पाती खालून उचलून उचलून वाजवलं होतं. वर्षानुवर्षं. दोन चांगले अंगठे असताना कोण असं वाजवेल? तिनं फडकं बांधलं आणि वाजं टांगून दिलं.

जत्रेच्या सकाळी पुण्याहून वीसेक पाहुणे आले. दाजी नेहमीप्रमाणे तळ्याच्या पायरीवर बसले. दगडापाशी आत्या नराणी घेऊन, शेजारी गावचा मानकरी बाळा गावकर पंचा खांद्यावर टाकून. दर्शना आत्याच्या मागे, मुठी मिटून.

दाजी सांगू लागले.

असं सांगतात, की खूप काळापूर्वी खाडीत एक गलबत फुटलं. त्यावरचा एक सिद्दी खलाशी वाचला आणि गावच्या लोहाराकडे राहिला. त्याच्या मुलखात असलं वाजं घरोघर असतं म्हणे. तो वाजवायचा आणि लोहाराची मुलगी भागू त्याच्या हातांकडे बघत बसायची. पुढच्या गलबतानं तो निघून गेला, पण भागूच्या हातात ते वाजवणं उरलं. तिनं मोडक्या विळ्यांचं लोखंड ठोकून पात्या केल्या. लाकडासाठी गावातला एकेक ओंडका वाजवून पाहिला आणि शेवटी शिवणीच्या झाडाचा निवडला. ती वाजवू लागली की बायका चुलीवरचं विसरून दारात येत आणि तळं खोदणारे हातातली पहार खाली ठेवत.

तीन वर्षं पाऊस नव्हता. कातळ खोदून खोदून माणसं थकली, थेंब लागेना. तेव्हा गावदेवी गावकराच्या स्वप्नात आली आणि म्हणाली, त्या पोरीचं वाजणं मला द्या, मी पाणी देते. भागूला हे कळलं. ती रडली नाही, भांडली नाही. हसत हसत या दगडाशी येऊन बसली म्हणे, आणि ज्या नखांनी वाजवायची ती राजीखुशीनं देवीला दिली. नखं पाण्याच्या जागी पडली आणि कातळ फुटला.

“माझी पण घ्या काढून,” एक पाहुणी हसून म्हणाली. “भांडी घासून तशीही तुटतात, आणि पंधरा दिवसांत परत येतात.”

सगळे हसले. दाजीही हसले.

“नंतर भागूचं काय झालं?” दुसऱ्या कोणीतरी विचारलं.

“नंतर तिनं वाजं हातात धरलं नाही. गावानं तिचं ऋण मानलं. जन्मभर बसवून जेवू घातलं. पाणी शेंदू दिलं नाही, भाकरी थापू दिली नाही. वेणीसुद्धा दुसऱ्या बायका घालून द्यायच्या म्हणे. एवढा मान.”

दर्शनानं ही गोष्ट पन्नासदा ऐकली होती. या मानाबद्दल लहानपणी तिला भागूचा हेवाही वाटला होता. आज ऐकताना तिनं मिटलेल्या मुठींत आपले अंगठे चाचपून पाहिले.

“ये गो,” आत्यानं हाक मारली. तिचे हात पाहून म्हणाली, “अगो बाय! ही नखं बघा. कॉलेजात हेच शिकवतात वाटतं.”

“बस, बस,” बाळा गावकर म्हणाला. “ऊन चढतंय.”

दर्शना बसली. तिनं दोन्ही अंगठे खळग्यांत ठेवले आणि खाली पाहिलं. चर नखाखाली नव्हता. तो अंगठ्याच्या मुळाखाली होता, जिथं अंगठा पंजाला जोडलेला असतो तिथं.

आत्यानं तिचं मनगट धरलं. दर्शनानं ते सोडवून घेतलं आणि ती उभी राहिली.

“दाजी, नखं काढायला दगडावर छिन्नी का चालवावी लागली?”

“काय बोलतेस?”

“हा चर बघा कुठे आहे. भागूनं नखं दिली नाहीत. तिचे अंगठे तोडले. तुम्ही म्हणता भाकरी थापू दिली नाही. तिला थापताच येत नव्हती! पाणी शेंदता येत नव्हतं, वेणी घालता येत नव्हती. त्याला तुम्ही मान म्हणता?”

पाहुण्यांतलं हसू थांबलं.

“जास्त शिकली की पोरी अशा बोलतात,” बाळा गावकर तिच्याकडे न बघता म्हणाला. “पुरावा काय?”

“तुळईला टांगलाय. दरवर्षी तेल चोळून तुम्हीच राखलाय. पात्या खालून झिजल्यात, गावकर काका. अंगठे नसलेल्या बाईनं मांडीवर ठेवून वाजवल्यात. तिनं काही सोडून दिलं नव्हतं. लोखंड झिजेपर्यंत ती वाजवत होती, आणि तुमच्या आजे-पणज्यांना ते ऐकू येत होतं.”

आत्याचा आवाज चढला. “आणि तळं आटलं म्हणजे? गाव काय पिणार, तुझं कॉलेज?”

दर्शना दाजींकडे वळली. “काल तुम्ही पाठ फिरवून का उभे राहिलात?”

दाजी पायरीवरचं शेवाळ नखानं खरवडू लागले. खरवडतच म्हणाले, “पात्यांच्या खालून हात लावायचा नाही, असं माझ्या बापानं सांगितलेलं. का, ते विचारायचं नाही म्हणाला. मी विचारलं नाही.”

“साठ वर्षं?”

दाजींनी नखातलं शेवाळ धोतराला पुसलं.

“मी देणार नाही,” दर्शना म्हणाली. “अंगठे नाहीत, नखं नाहीत, नखाची किनारसुद्धा नाही. तळं आटायचं तर आटू दे. आणि माझ्यानंतर दुसऱ्या कुठल्या पोरीला इथं बसवलंत, तर आधी तिला हा चर दाखवा. मग विचारा ती राजीखुशीनं देते का.”

पाणी हललं नाही. आत्याच्या हातातली नराणी तशीच राहिली. बाळा गावकरानं पंचा तोंडावरून फिरवला आणि टेकडीकडे तोंड केलं.

गोष्टीचं शेवटचं वाक्य दाजी दरवर्षी नखं पाण्यात पडल्यावर म्हणत: आजही आमच्या मुली राजीखुशीनं नखं देतात, आणि आजही हे तळं आटत नाही. पाहुणे त्यांच्याकडे बघत होते. सवयीनं दाजींचे ओठ उघडले.

“आजही...” दाजी म्हणाले.

दर्शना अंगठे वर करून समोर उभी होती. दाजींनी ते पाहिले आणि पुढचं वाक्य आलं नाही.