पायांनी दिलेलं मत

“पण आचार्य, सम्राटांच्या मनात काय आहे, हे ओळखायचं तरी कसं?”

थिओक्लीस शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

व्हिबियसला राग आला. रोममधल्या जुन्या घराण्यातला मुलगा, नुकताच सिनेटमध्ये बसायला लागलेला. अंगावर जांभळ्या काठाचा पांढराशुभ्र टोगा. असा माणूस भर दुपारी या अरुंद गल्लीत येतो, एका ग्रीक म्हाताऱ्याच्या अंगणात घाम पुसत उभा राहतो, आणि म्हाताऱ्याला शेंगा महत्त्वाच्या!

“उद्या सभेत म्हाताऱ्या सिनेटर रुसोंच्या खटल्याचा निकाल आहे,” तो म्हणाला.

“हं.”

“सभेत दोन मतं मांडली जातील. एक मृत्यूचं, एक सोडून देण्याचं. माझ्यासारख्या नव्या माणसावर बोलायची पाळी येतच नाही. आम्ही फक्त उठायचं, आणि ज्याचं मत पटलं त्याच्या बाजूला जाऊन उभं राहायचं. आमचं मत पायांनी.”

“मग जा.”

“कुठल्या बाजूला?”

...

म्हाताऱ्याने एक किडकी शेंग बाजूला टाकली.

“पूर्वी सोपं होतं,” व्हिबियस म्हणाला. “सम्राट आधी बोलायचे. मग सगळे तिकडे. आता त्यांनी जाहीर केलंय, मी सर्वांत शेवटी मत देईन. म्हणजे तुम्हाला मोकळेपणाने ठरवता येईल.”

“चांगलं आहे की.”

“चांगलं? आचार्य, त्या दिवसापासून सभेतल्या एकालाही धड झोप नाही!”

यात खोटं काही नव्हतं. सम्राट असा होता, की त्याच्या हो-नाहीचा थांग लागत नसे. एका सरदाराने त्याच्या नावाने देऊळ बांधायचा ठराव आणला. सम्राटाने त्याला भर सभेत झापलं. दुसऱ्याने यातून शहाणपण शिकून ठराव आणलाच नाही, तर राजवाड्यातल्या जेवणावळीतून त्याचं नाव कायमचं गळलं. एकजण म्हणाला, महाराज म्हणतील तसं. त्यावर सम्राट दुःखी होऊन म्हणाला, स्वतंत्र माणसांनी असं बोलावं का? मग एकजण खरंच स्वतंत्र माणसासारखं बोलला. सम्राटाने उठून त्याचे आभार मानले. महिना उलटायच्या आत त्याच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं आणि त्याची गावाबाहेरची जमीन जप्त झाली. आता हे आभार होते की काय होतं, यावर शहाणी माणसं सार्वजनिक स्नानगृहात गरम पाण्यात बसून तासन्‌तास डोकं खाजवत होती.

“रुसोंनी केलं काय?” थिओक्लीसनी विचारलं.

“राजद्रोह.”

“म्हणजे काय केलं?”

व्हिबियसने इकडेतिकडे पाहिलं. अंगणात दुसरं कुणी नव्हतं.

“त्यांच्या दिवाणखान्यात सम्राटांचा अर्धपुतळा आहे. त्याच्या डोक्यावर कुणीतरी ओली शाल वाळत घातली. एका पाहुण्याने ती पाहिली, आणि जाऊन चुगली केली.”

“शाल रुसोंची?”

“नाही.”

“मग?”

...

“माझी,” व्हिबियस म्हणाला.

थिओक्लीसचे हात थांबले.

“पाऊस होता त्या दिवशी. मी भिजून गेलो. रुसो आत माझ्यासाठी चीज कापत होते. त्यांच्या दिवाणखान्यात पूर्वजांच्या पुतळ्यांची रांग आहे, सगळ्याच जुन्या घरांत असते. खिडक्या बंद, अंधार. मला वाटलं, कुणीतरी पणजोबा असतील. टाकली शाल. घरच्यासारखाच वावरायचो मी तिथे. हल्ली त्या रांगेत सम्राटांनाही बसवतात, हे डोक्यातच आलं नाही.”

“रुसोंना ठाऊक आहे शाल कुणाची ते?”

“आहे.”

“त्यांनी सांगितलं?”

“नाही. काहीच बोलले नाहीत ते. घरात बसून आहेत. दारावर पहारा आहे. आरोप झाल्यापासून त्यांच्या उंबऱ्याला एकाही माणसाचा पाय लागलेला नाही. जो जाईल तो त्यांच्यातलाच, असं धरणार.”

हे बोलताना व्हिबियसला रडू फुटायच्या बेतात होतं. पण गोंधळ दुःखापेक्षा मोठा होता. सम्राटांना रुसो मेलेले हवे असतील, आणि आपण सोडण्याच्या बाजूला उभे राहिलो, तर संपलो. पण सम्राटांना दया दाखवायची असेल, आणि आपण मरणाच्या बाजूला दिसलो, तर क्रूर ठरलो. आणि दया दाखवायची नसताना ती दाखवायची आहे असं भासवायचं असेल, तर? किंवा उलट? तो विचार करू लागला की विचारच फिरून त्याच्या अंगावर येत.

“आचार्य, तुम्ही सांगा. मी कुठे उभा राहू?”

थिओक्लीस उठले. गुडघ्यांवर हात टेकून, कण्हत. उजव्या भिंतीशी रांजण होता, तिथे जाऊन उभे राहिले.

व्हिबियसचे डोळे चमकले. उजवीकडे! तो लगबगीने गेला आणि त्यांच्या शेजारी उभा राहिला.

म्हातारा पाणी प्यायला. मग वळून डाव्या भिंतीकडे गेला.

व्हिबियसही गेला. म्हणजे डावीकडे? की आधी उजवीकडे जाऊन मग डावीकडे? की दोन्ही बाजू सारख्याच, असं काही आहे यात? त्याने मनातल्या मनात सगळे अर्थ लावून पाहिले. एकही नीट बसेना.

म्हाताऱ्याने भिंतीवरचा पंचा ओढून तोंड पुसलं आणि पुन्हा अंगणाच्या मधोमध आला. मागोमाग व्हिबियस.

“मला अर्थ कळला नाही, आचार्य.”

“कशाचा?”

“तुम्ही दाखवलंत त्याचा.”

“मला तहान लागली होती,” थिओक्लीस म्हणाले.

...

व्हिबियसचे कान लाल झाले. त्याला वाटलं, टोगा सावरावा आणि सरळ निघून जावं. पण पाय हलेनात.

“आता तू चाल,” म्हातारा म्हणाला. “मी तुझ्या मागून येतो.”

“कुठे?”

“तू जाशील तिथे.”

“पण...”

“चाल.”

व्हिबियस दाराबाहेर पडला. मागे चपला घासत येण्याचा आवाज. मागून माणसं चालायची त्याला सवय होती. रोज सकाळी वडिलांचे आश्रित, स्वतःचे नोकर, कामं घेऊन आलेले गरजू त्याच्या मागून चौकापर्यंत येत. त्याने कधी वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. आज मात्र तो दर थोड्या अंतराने थांबून वळून पाहत होता. म्हाताऱ्याला धाप लागली होती. डोक्यावर काही नव्हतं. वाटेतल्या खड्ड्याला व्हिबियस वळसा घालून गेला, तर म्हाताऱ्यानेही तसाच वळसा घातला. भाजीवालीपाशी तो उगाच थांबला, तर म्हाताराही थांबला.

हे काय चाललंय, त्याला कळेना. विचारायची हिंमत होईना.

गल्ली संपली आणि कारंजं आलं. तिथून वाट फुटत होती. डावीकडची चढाने त्याच्या स्वतःच्या घराकडे. तिथे आई असेल, गार फरशी असेल, दार लावून घेता येईल. उजवीकडची वाट रुसोंच्या घराकडे. कारंज्यापासूनच पहारेकऱ्यांचे भाले दिसत होते. एक पहारेकरी कोण येतंय ते पाहायला उठून उभाही राहिला.

व्हिबियस थांबला.

आत जाऊन रुसोंना एवढंच म्हणायचं होतं, की उद्या सभेत मी बोलायची परवानगी मागेन आणि शाल माझी होती हे सांगेन. चार शब्द. पण ते त्या दारातून आत जाऊनच म्हणता येणार होते. आणि तो गेला तर...

तो झटकन वळला.

“आचार्य, तुम्ही इथून परत फिरा. मी तिकडे गेलो आणि तुम्ही मागून आलात, तर पहारेकरी तेही पाहतील. तुमचं नावही वर कळवतील. तुम्ही परदेशी. तुम्हाला तर सभेपुढेही नेणार नाहीत, परस्पर मारतील!”

“हो.”

“मग?”

“मी म्हटलं ना, तू जाशील तिथे.”

“पण मला ठाऊकच नाही मी कुठे जाणार आहे ते!” व्हिबियस जवळजवळ ओरडला. पाणी भरणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या. “तुम्हाला कसं ठाऊक? उगाच माझ्यामुळे तुमचा जीव... तुम्ही सांगा. एकदाच सांगा. डावीकडे की उजवीकडे?”

थिओक्लीस कारंज्याच्या कठड्याला टेकले. कपाळावरचा घाम तळहाताने निपटला. उजव्या वाटेवरच्या भाल्यांकडे पाहिलं, डाव्या चढाकडे पाहिलं.

मग ते म्हणाले,

“ऊन फार आहे, पोरा. लवकर ठरव.”