सावरीच्या कापसाचं गाठोडं

जंगलातही बाजार भरायचा, तेव्हाची ही गोष्ट. तिथे गिऱ्हाईक आणि विक्रेता यांच्यामध्ये एक कासव बसायचं. गिऱ्हाइकाने दिलेलं मोल ते आपल्या पाठीखाली सांभाळायचं. माल मिळाला म्हणून गिऱ्हाइकाने ओल्या मातीत पंजा उमटवला, की ते मोल विक्रेत्याला मिळायचं.

थंडीच्या तोंडावर खारीने पिल्लांसाठी वानराकडून सावरीचा कापूस घेतला. जपून साठवलेल्या सगळ्या चारोळ्या तिने कासवाकडे ठेवल्या. वानराने गाठोडं तिच्यापुढे टाकलं आणि ते म्हणालं, "पंजा उमटव गं लवकर, मागे रांग लागलीय!" खारीने घाईघाईत पंजा उमटवला. घरी जाऊन गाठोडं सोडलं, तर आत नुसती कुसळं!

ती तणतणत परत आली. "माझ्या चारोळ्या परत दे!"

"पंजा तुझाच ना?" कासव मान बाहेरही न काढता म्हणालं. "मग माझं काम संपलं."

"पिल्लांना काय कुसळांवर निजवू? आग लागो तुझ्या नियमाला!" खारीच्या अंगाचा तिळपापड झाला.

इतक्यात तिला दिसलं, वानर आता साळुंकीलाही तशीच घाई करत होतं. साळुंकीचा पाय मातीला टेकणार, तोच खारीने झेप घेतली आणि तिचं गाठोडं कराकरा कुरतडलं. कुसळं भसाभस बाहेर पडली. साळुंकीने पाय वरच्या वर उचलला.

"तुझा काय संबंध गं?" वानर खेकसलं.

"माझा पंजा फसला रे चोरा," खार कडाडली, "दात अजून शाबूत आहेत!"