मागच्या दाराचं रबर

खडीच्या क्रशरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक गाव होतं. त्या गावात भानुदास नावाचा एक जीपवाला राहायचा. तालुक्याला वडाप करायचा, म्हणजे गावात माणसं भरायची आणि तालुक्याच्या पेठेत नेऊन सोडायची. गाडी म्हणजे त्याचा जीव की प्राण. रस्त्यावर धुरळा असा, की झाडाचं पान हिरवं दिसायचं नाही. पण भानुदासची जीप सदा लखलखीत! रोज सकाळी तो फडकं डिझेलमध्ये बुडवायचा आणि बोनेटपासून दारांच्या कडेच्या रबरापर्यंत सगळं पुसून काढायचा. रबर काळंभोर चमकायचं. मग लांब उभा राहून बघायचा आणि स्वतःवरच खूश व्हायचा.

गॅरेजवाले गफूर मिस्त्री एकदा म्हणाले, "अरे, रबराला डिझेल लावू नकोस. वरून चकाकतं, पण कुजतं. साध्या पाण्यानं धू, कोरडं पूस, अधूनमधून सिलिकॉनच्या पॉलिशचा हात फिरव. बास."

"इतकी वर्षं पुसतोय मिस्त्री, काय झालंय का?" भानुदास हसला. कोण ऐकतंय!

व्हायचं तेच झालं. रबर फुगलं, भुसभुशीत झालं, तुटायला लागलं. सगळ्यात आधी मागच्या डाव्या दाराचं गेलं. हातभर रबर खाली लोंबायला लागलं आणि त्या फटीतून धुरळा आत घुसायला लागला. तिथं बसलेल्या गिऱ्हाइकानं भर स्टँडवर आवाज चढवला, "ही गाडी आहे का पिठाची गिरणी?" भानुदासला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रबर बदलायचं तर गाडी दिवसभर उभी करावी लागणार. धंदा बुडणार. मग त्यानं शक्कल लढवली. त्या जागेवर एरवी सामानाची पोती ठेवायची, आणि दवाखान्याच्या वारी तिथं आईला बसवायचं. आई कशाला ओरडतेय? आपलंच माणूस!

त्याची आई शेवंताबाई. तिला दमा होता. दर आठवड्याला तिला तालुक्याच्या दवाखान्यात न्यावं लागायचं.

"आई, तू मागं डावीकडं बस. खिडकीची जागा आहे, हवा लागेल."

शेवंताबाई बसली. वाटेत क्रशर आला, की ती नाकातोंडावर पदर घट्ट धरायची. भानुदासला ते आरशात दिसायचं. त्याला वाटायचं, गाडीत परकी माणसं आहेत, म्हणून आई लाजतेय. फटीतला धुरळा दुसऱ्यांपर्यंत पोचायच्या आत तिच्याच अंगावर बसायचा. तालुक्याला उतरली, की ती भिंत धरून उभी राहायची, श्वास जागेवर येईपर्यंत. तेव्हा भानुदास परतीच्या माणसांना हाका मारत असायचा.

एके दिवशी ती म्हणाली, "मला गाडी लागते रे, भाना. तूच जा. औषध तेवढं आण."

भानुदासला राग आला. "सगळा तालुका माझ्या गाडीत बसतो, आणि आईलाच गाडी लागते!" तरी त्यानं तिच्यासाठी आवळासुपारी आणली. तिनं ती मुकाट्यानं चघळली. पण गाडीत काही बसली नाही.

डॉक्टर म्हणाले, "आईंना घेऊन या. तपासल्याशिवाय औषध बदलता येणार नाही." भानुदास म्हणाला, "पुढच्या आठवड्यात आणतो." घरी आई म्हणाली, "पुढच्या आठवड्यात बघू." असे किती आठवडे गेले कुणास ठाऊक. थंडी पडली. एका पहाटे शेवंताबाई अंथरुणात उठून बसली, पण तिला श्वास काही घेता येईना. गाडीपर्यंत न्यायलासुद्धा तिनं वेळ दिला नाही.

तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन नदीवर जायचं होतं. अस्थी भानुदासनंच धरायच्या होत्या, म्हणून त्याच्या बहिणीचे यजमान, दाजी, गाडी चालवायला बसले. पाहुणे भराभर चढले. जागा उरली ती मागच्या डाव्या दाराशी. अस्थींचं मडकं मांडीवर घेऊन भानुदास तिथं बसला. इतक्या वर्षांत स्वतःच्या गाडीत तो पहिल्यांदाच मागं बसत होता.

क्रशर आला. फटीतून धुरळ्याचा लोट आत आला. मडक्यावर बांधलेलं लाल फडकं बघता बघता पांढरं झालं. भानुदासनं ते हातानं झटकलं. पुन्हा पांढरं झालं. मग त्यानं खांद्यावरचं उपरणं मडक्यावर पसरलं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. आई पदर धरायची, अगदी तसं. आता त्याच्याच नाकातोंडात धुरळा गेला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. श्वास मिळेना.

दाजींनी आरशात पाहिलं. "काय झालं भानुदास? गाडी लागली का?"

ते ऐकलं आणि भानुदास लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. "दाजी, माझ्या आईला कधी गाडी लागलीच नव्हती हो!"

पुढं त्यानं सगळ्या दारांची रबरं बदलली. डिझेलचं फडकं फेकून दिलं. आता तो रबर पाण्यानं धुतो, कोरडं पुसतो, सिलिकॉनचा हात फिरवतो. मागचं डावं दार घट्ट बसतं, धुळीचा कण आत येत नाही. दवाखान्याच्या वारी मात्र ती जागा तो रिकामीच ठेवतो, आणि क्रशर आला की आरशात बघतो.

तात्पर्य: आपलं माणूस बोलत नाही, म्हणून त्याला त्रासच नाही असं समजू नये. मुकाट्यानं सोसणारा ज्या दाराशी बसलाय, ते दार आधी दुरुस्त करावं.