पंचा दुसऱ्या खांद्यावर

एकदा एका वृद्ध वस्तादाने तालमीच्या भरल्या कट्ट्यावर जाहीर केले, "फुटबॉलचा ह्या पृथ्वीतलावरचा सगळ्यांत थोर प्रशिक्षक कोण, ह्यो वाद आता मिटवा. त्यो मी." मंडळी टाळ्या वाजवणार, तोच चष्मा पुसत त्याने पुढे जोडले, "कारण बाकीचे मी बघितल्यालेच न्हाईत. टीव्हीतला चेंडूच मला दिसत न्हाई, तर रेषेबाहेर उभारलेला माणूस कुठनं दिसायचा?"

ज्या शहराची ही गोष्ट आहे, तेथे कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ काढले. त्यामुळे लाल मातीतला जो वस्ताद, तोच मैदानावरचाही वस्ताद. या वस्तादाने शाळा सोडली की शाळेने वस्तादाला सोडले, यावर दोन्ही पक्षांचे कधी एकमत झाले नाही. पण थट्टेत त्याचा हात धरणारा पेठेत कोणी नव्हता. नव्या खेळाडूला तो गंभीरपणे सांगे की उतरत्या उन्हात चेंडूचे वजन वाढते. आणि एका शहाण्याने तो चेंडू खरोखरच वाण्याकडे नेऊन तागडीत घातला होता.

वादाचे निमित्त असे झाले. तालमीचा जुना गोलरक्षक रणधीर आता एका मोठ्या शहरातल्या व्यावसायिक क्लबाचा मुख्य प्रशिक्षक होता, आणि त्याच्या क्लबाने यंदा देशाची लीग जिंकली होती. वस्तादाच्या या पट्टशिष्याचा सत्कार करण्याचे तालमीने ठरवले. सेक्रेटरीने हौसेने फलकावर 'आजवरचा सर्वश्रेष्ठ प्रशिक्षक' असे रंगवून आणले, आणि कट्टा पेटला.

बँकेतून निवृत्त झालेले बिडकर म्हणाले, "श्रेष्ठत्व करंडकांनी मोजावं. विलायतेत असे प्रशिक्षक आहेत, ज्यांच्या घरी करंडक ठेवायला जागा उरलेली नाही."

"मग त्यो प्रशिक्षक का भांड्याचं दुकान?" वस्तादाने विचारले.

मटणाच्या दुकानाचे मालक शौकतभाई मान हलवत म्हणाले, "करंडक पैशानं येत्यात, साहेब. बोकड चांगलं असलं की रस्सा कुणाचाबी जमतो. गरिबाच्या संघाला वर काढतो, त्यो खरा थोर."

"व्हय की," वस्ताद म्हणाला. "तूबी म्हातारं बोकड कोवळं करून विकतोस. तुझंच नाव घाला रं फलकावर."

हशा ओसरल्यावर सेक्रेटरी म्हणाला, "दोघंही चुकताय. जो नवी चाल शोधून काढतो, तो थोर. आणि अशी चाल आपल्या वस्तादांसारखी जगात कुणी शोधलेली नाही. पंच्याची चाल!"

सगळा कट्टा एका सुरात 'व्हय, व्हय' करून उठला. ही चाल ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगितले पाहिजे. वस्तादाच्या खांद्यावर नेहमी एक पंचा असे. सामना अडला, समोरचा संघ भारी पडू लागला, की वस्ताद तो पंचा डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर टाकी. त्यासरशी गोलात उभा असलेला रणधीर लंगडू लागे. आणि बाकावर बसलेला दुसरा गोलरक्षक उठे, हातमोजे चढवी आणि रेषेच्या कडेने उड्या मारत अंग गरम करू लागे. समोरच्यांना वाटे, पहिला गोलरक्षक जायबंदी झाला, नवा आत येण्याआधी घाई करावी. ते लांबूनच धडाधड चेंडू मारत सुटत. त्यांची मांडणी विस्कटे. आणि रणधीर एकेक चेंडू मांजराने उंदीर धरावा तसा धरी. काम झाले की वस्ताद पंचा पुन्हा डाव्या खांद्यावर घेई आणि उठलेला गोलरक्षक बाकावर जाऊन बसे. प्रेक्षकांना हे पाठ झाले होते; समोरचे मात्र, आज खरेच लागले असेल म्हणून, दर वेळी फसत. तो उठला की सारे मैदान ओरडे, "उठला रं उठला!" आणि बसला की तेवढ्याच जोराने हसे.

तो दुसरा गोलरक्षक म्हणजे महिपती. पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा, आणि आता स्वतःच गिरणीवाला. या वादाच्या वेळीही तो कट्ट्याच्या टोकाला बसून थर्मासमधला चहा कपांत ओतत होता. भुवयांवर पीठ होते. वस्तादासाठी रोजचा चहा तोच आणी, बिनसाखरेचा, न विसरता.

वस्तादाच्या प्रत्येक थट्टेला महिपती मनापासून हसे. पंच्याच्या गोष्टीला मात्र हसत नसे. नुसता चहा ओतत राही. कट्ट्यावर हे कोणाच्या ध्यानात आलेले नव्हते. वस्तादाच्या ध्यानात मात्र ते कित्येक वर्षांपासून होते.

कारण एक सामना असा झाला होता. महिपतीचा तो शेवटचा हंगाम. अंतिम सामन्यात तालमीने इतके गोल चढवले होते की समोरचे पाठीराखे रस्सा निवण्याआधी घर गाठावे म्हणून निघूनही गेले होते. आयुष्यात गिरणी न सोडलेला महिपतीचा बाप त्या दिवशी गिरणीला कुलूप लावून मैदानाच्या कडेला येऊन बसला होता. पेठेतले लोकच ओरडू लागले, "वस्ताद, आज त्याला आत घ्या!" वस्तादाने पंचा उजव्या खांद्यावर टाकला. महिपती उठला, हातमोजे चढवले, पांढऱ्या रेषेपाशी येऊन उभा राहिला. पंचानेही मान डोलावली, म्हणजे शिट्टीवाल्या पंचाने. आणि वस्तादाला गुदगुल्या झाल्या. मनात आले, एकदा शेवटचे हसवू, मग धाडू. त्याने पंचा परत डाव्या खांद्यावर घेतला.

मैदान हसून लोटपोट झाले. महिपतीचा बापही हसला, कारण सगळेच हसत होते. वस्ताद पंचा पुन्हा उचलणार, तेवढ्यात सामना संपल्याची शिट्टी झाली.

महिपतीने हातमोजे काढून त्यांची घडी घातली. दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा चहा घेऊन आला. त्या दिवसाविषयी तो कधी बोलला नाही, आणि वस्तादानेही विषय काढला नाही. साऱ्या गावाची फिरकी घेणाऱ्या या म्हाताऱ्याला जगात एकच शब्द ऐकायचा राहिला होता. महिपतीने एकदा 'जाऊ द्या, वस्ताद' म्हणावे. बस्स, एवढेच. बाप तर केव्हाच निवर्तला होता. त्याच्याकडून तो शब्द मिळायची सोय राहिली नव्हती.

रविवारी रणधीर आला. कोट, चकचकीत बूट, सोबत क्लबाचे दोन अधिकारी. आल्या आल्या तो वस्तादाच्या पाया पडला.

"पोट सुटलं की रं तुझं," वस्ताद म्हणाला. "आता गोलात उभारलास तर चेंडूला जागाच न्हाई आत शिरायला."

रणधीर हसला आणि अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाला, "मी जो काही आहे, तो यांच्यामुळं. यांची ती पंच्याची चाल मी अजून वापरतो. पंचा नाही, टोपी फिरवतो एवढंच. आमचा दुसरा गोलरक्षक उठला की समोरच्यांची आजही तशीच धांदल उडते. अंतिम सामना आम्ही त्यावरच काढला."

वस्तादाच्या ओठावर आलेली थट्टा परत आत गेली. त्याने विचारले, "त्या पोराचं नाव काय?"

"कुणाचं?"

"जे उठतंय त्येचं."

रणधीर म्हणाला, "आम्ही त्याला 'स्टँडबाय' म्हणतो. सगळे तेच म्हणतात. गुणी आहे. कधी तक्रार नाही."

"न्हाई करत," वस्ताद पुटपुटला. "तक्रार न्हाईच करत ती पोरं."

सायंकाळी मैदानातच मांडव पडला होता. रीत अशी की नाव पुकारले की मानकऱ्याने पहिल्या रांगेतून उठून व्यासपीठावर जायचे, हलगी कडाडायची, आणि वस्तादाने फेटा बांधायचा. सेक्रेटरीचे भाषण संपत आले तेव्हा वस्तादाने ध्वनिक्षेपक आपल्याकडे ओढला.

"रणधीर, ऊठ. वर ये."

रणधीर उठला, कोटाचे बटण लावले. हलगी कडाडली.

"थांब. जरा बस."

लोक हसले. वस्तादाची सवय सर्वांना ठाऊक होती. रणधीरही हसत खाली बसला. वस्ताद सेक्रेटरीच्या मिशांविषयी काहीबाही बोलला आणि पुन्हा म्हणाला, "हां, ऊठ." हलगी पुन्हा कडाडली. रणधीरने पाऊल उचलले. "बस, बस. घाई काय हाय?"

असे पुन्हा झाले, आणि पुन्हा. क्लबाचे अधिकारी एकमेकांकडे पाहू लागले. मागून कोणीतरी ओरडले, "उठला रं उठला!" आणि मग साऱ्या मांडवाने ती आरोळी उचलली. रणधीरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. या खेपेस तो बसला नाही. व्यासपीठाजवळ येऊन म्हणाला, "वस्ताद, माझं काही चुकलं असेल तर घरी बोलावून कान धरा. चारचौघांत ही कसली थट्टा?"

"थट्टा न्हाई, बाळा. आज पहिल्यांदाच मी थट्टा करत न्हाई," वस्ताद म्हणाला, आणि मांडव हळूहळू शांत झाला. "घटकाभर उठलास-बसलास, तर तुला सोसलं न्हाई. तुझ्या बाकावरचं ते पोरगं हरेक सामन्याला उठतंय. घरी फोन करून सांगत आसंल, आज आत घेत्यात बघ. ह्ये बिडकर म्हणत्यात करंडक मोजा, शौकत म्हणतोय गरिबी मोजा. मी म्हणतो, थोर प्रशिक्षक कोण ह्ये खेळल्याल्या अकरांना विचारूच नका. त्यांच्या कपाळाला गुलाल लागल्याला असतोय. ज्येला आत घेतलं न्हाई, त्येला जाऊन विचारा. त्यो म्हणाला, ह्या माणसानं मला बाकावर बसवलं पण माझं हसू केलं न्हाई, तर त्यो थोर. मी त्या परीक्षेत नापास झालोय. शाळेपास्नंची सवय."

कोणी हसले नाही. रणधीरची मान खाली गेली. तो हळूच म्हणाला, "आज रात्रीच त्याला फोन करतो. नावानं हाक मारून."

वस्तादाने ते ऐकले न ऐकले. त्याची नजर मांडवाच्या शेवटच्या रांगांत कोणाला तरी शोधत होती. मग त्याने खांद्यावरचा पंचा उचलला आणि डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर टाकला.

शेवटच्या रांगेत महिपती उठून उभा राहिला.

आपण उठलो हे त्याला स्वतःलाही उठल्यावरच कळले असावे. त्याचे हात हातमोजे चाचपावेत तसे कमरेशी गेले, आणि तेथे काही नाही म्हणून तसेच राहिले. गुडघे आता दुखत असत. त्याने पुढच्या खुर्चीचा आधार घेतला. सारे मैदान वळून पाहू लागले. या वेळी आरोळी उठली नाही.

वस्तादाने रणधीरसाठी आणलेला कोल्हापुरी फेटा दोन्ही हातांत घेतला.  "ये, महिपती. आज पंचा मागं घेत न्हाई. ये आत. ह्यो फेटा तुझा हाय, तवाच बांधायचा राहिला हुता."

बिडकरांनी डोळे टिपले. शौकतभाईंनी टाळ्या सुरू केल्या आणि मांडव टाळ्यांनी भरून गेला. रणधीर स्वतः बाजूला सरला आणि त्याने वाट करून दिली. महिपती खुर्च्यांमधून चालत आला. व्यासपीठापुढे सामन्याची फक्कीची पांढरी रेषा अजून पुसली गेली नव्हती. तिच्यापाशी येऊन तो थांबला. भुवयांवर पीठ होते. त्याने फेट्याकडे पाहिले, मान खाली घालून उभ्या असलेल्या रणधीरकडे पाहिले, आणि मग वस्तादाकडे.

वस्ताद वाट पाहत होता. तो एक शब्द आता येईल, असे त्याला वाटले.

"वस्ताद," महिपती म्हणाला, "आज मला माझ्यासाठी उठवलंसा, का परत दुसऱ्यालाच कायतरी दाखवायला?"