चार कप आणि ठिपकीचं थोडंसं

एक होतं मांजराचं पिल्लू. मुठीएवढं! नाव ठिपकी.

ठिपकीला रोज बशीभर दूध मिळायचं. आज पाहते तर काय, बशी रिकामी!

"बशीताई, बशीताई, दूध दे ना!"

बशी म्हणाली, "पातेलं ओतेल, तर मी भरेन."

तुरुतुरु तुरुतुरु ठिपकी गेली पातेल्याकडे.

"पातेलेबुवा, पातेलेबुवा!
बशी भरेना,
ठिपकी राहिली उपाशी!"

पातेलं म्हणालं, "माझ्यात आहे एक लिटर दूध. पण आज कुमुदमावशी पुडिंग करणार. त्याला हवं चार कप दूध. कप मोजेल, तर उरलेलं मी ओतेन."

तुरुतुरु तुरुतुरु ठिपकी गेली कपाकडे. कप होता काचेचा. मावशीच्या लेकीने अमेरिकेहून पाठवलेला.

"कपराव, कपराव!
पातेलं ओतेना,
बशी भरेना,
ठिपकी राहिली उपाशी!"

कप म्हणाला, "माझ्या अंगावर रेघा आहेत. मावशी वाचेल, तर मी मोजेन."

तुरुतुरु तुरुतुरु ठिपकी गेली मावशीकडे.

"मावशी, मावशी!
कप मोजेना,
पातेलं ओतेना,
बशी भरेना,
ठिपकी राहिली उपाशी!"

मावशी म्हणाली, "अगं ठिपके, त्यात वाचायचं काय? चार कप म्हणजे एक लिटर! सगळंच दूध लागणार."

ठिपकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मावशीला फार वाईट वाटलं.

"बरं बाई. चष्मा दाखवेल, तर मी वाचेन."

तुरुतुरु तुरुतुरु ठिपकी गेली चष्म्याकडे.

"चष्मेदादा, चष्मेदादा!
मावशी वाचेना,
कप मोजेना,
पातेलं ओतेना,
बशी भरेना,
ठिपकी राहिली उपाशी!"

चष्मा म्हणाला, "माझ्या काचांवर पोळ्यांचं पीठ! कोणी पुसेल, तर मी दाखवेन."

कोण पुसणार? ठिपकीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. मग मागे पाहिलं. अरेच्चा, शेपटी! मऊ मऊ शेपटी!

फुस फुस! फुस फुस! चष्मा झाला लख्ख.

चष्म्याने दाखवलं. मावशीने वाचलं.

"इकडे लिहिलंय, एक कप. तिकडे लिहिलंय, दोनशे चाळीस मिली. अगं बाई! आणि आपला लिटर तर हजार मिलीचा! वा रे कपा! अमेरिकेचं माप येतं, आपलंही येतं. केवढा हुशार तू!"

कप लाजला आणि मोजू लागला.

डुबुक! एक.
डुबुक! दोन.
डुबुक! तीन.
डुबुक! चार.

पुडिंगचं दूध झालं. पातेल्यात डोकावून पाहिलं, तर तळाशी दूध उरलंच! केवढं? ठिपकीच्या बशीएवढं!

"चुकलं गं माझं," मावशी म्हणाली. "चार कप म्हणजे नऊशे साठच मिली! चार कप पुडिंगचे. वरचं थोडंसं ठिपकीचं!"

पातेल्याने ओतलं, खळखळ. बशी भरली, काठोकाठ. ठिपकी प्यायली, लपलप लपलप.

बशी झाली रिकामी,
पोट झालं टम्म,
आणि गोष्ट झाली पुरी!