वाट्याच्या दोन खोल्या

ग्रामसभेत आमदार गरजले, "मतदारसंघात घरटी सरासरी तीन खोल्या आहेत! घरकुलांची यादी बंद!"

परदेशात लोकसंख्याशास्त्र शिकून परतलेला मी ताडकन उठलो. पण माझ्याआधीच कातकरवाडीची ठकीमावशी उभी राहिली. तिच्या घरची सात माणसं कुडाच्या एकाच खोलीत राहत. तिनं बसायला आणलेली गोधडी गुंडाळून डोक्यावर घेतली.

"साहेब, माझ्याकडं खोली एकच हाय. माझ्या वाट्याच्या उरलेल्या दोन तुमच्या बंगल्यात गेल्या वाटतं! कुठल्या त्या दाखवा, पोरंबाळं घेऊन आत्ताच येते."

मागे चाळीस बायका गोधड्या गुंडाळू लागल्या.

"अहो मावशी, बसा, बसा!" आमदारांना घाम फुटला. "ग्रामसेवक, यादी उघडा!"

पहिलं नाव ठकीमावशीचं लागलं. सरासरीवरचं माझं वीस पानी भाषण खिशातच राहिलं. मी टाळ्या वाजवत सुटलो होतो!