पोथ्यांची रवानगी

"महाराज, पोथ्या कशानं पाठवायच्या? एफटीपी, एससीपी की आरसिंक?"

विमलगिरी महाराज पावट्याच्या शेंगा सोलत होते. "तुला काय वाटतं?"

त्यांचा शिष्य हेरंब याचीच वाट पाहत होता. मठातल्या चारशे पोथ्यांचे फोटो आज तीन जिल्हे पलीकडच्या थोरल्या मठाच्या कम्प्युटरवर जायचे होते. एवढं नीट पार पडलं की पोथीशाळा आपल्याच ताब्यात येणार, असं त्यानं मनोमन धरलं होतं. बाहेर जुन्या पोथ्यांचे दलाल टपलेले. एक फोटो फुटला तरी मठाची अब्रू गेली असती.

मग काय, गडी सुटलाच. एफटीपी म्हणजे पोस्टकार्डावर पासवर्ड लिहून धाडणं. एससीपी बंदोबस्तात नेतं, पण लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. आरसिंकचं तसं नाही, ते उरलेलं तेवढंच उचलतं, फक्त त्याला एसएसएचच्या, म्हणजे कुलूपबंद वाटेच्या, आडोशानं न्यावं...

शेंगा संपल्या.

"छान," महाराज म्हणाले. "पाठव." त्यांनी पत्त्याची आणि पासवर्डची चिठ्ठी पुढं केली.

हेरंबनं ऐटीत आज्ञा टाइप केली. पडद्यावर प्रश्न उमटला: या यंत्राची ओळख नाही. त्याची अक्षरी खूण खाली दिली आहे. तरी जोडू का?

पुरतं वाचायच्या आतच त्यानं 'यस' ठोकलं.

"झालं, महाराज. आता वाटेत कुणाच्या बापाला वाचता यायचं नाही."

...

थोड्या वेळानं भागाबाई पदराला हात पुसत आल्या. मठाचा स्वयंपाक त्यांच्याकडे.

"महाराज, कोठीघरातल्या कम्प्युटरात कसल्या पोथ्या येऊन पडल्यात? पंगतीची यादी उघडंना झालीय."

हेरंब महाराजांकडे वळला. "पण... पत्ता तर तुम्हीच दिलात."

"दिला."

"कोठीघराचा?"

"यंत्रानं तुला विचारलं होतं."

"ते प्रत्येक नव्या यंत्राच्या वेळी विचारतं, महाराज. सगळेच यस म्हणतात."

महाराज दाणे पाखडू लागले.

हेरंबला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोथीशाळा गेली, यात शंकाच नव्हती. त्यानं भागाबाईंचा कम्प्युटर मोकळा करून दिला, खरा पत्ता मागून घेतला आणि पुन्हा आज्ञा टाइप केली. पुन्हा तोच प्रश्न.

या वेळी त्यानं थोरल्या मठात फोन लावला. तिथल्या श्रीधरबुवांना त्यानं कधी पाहिलंही नव्हतं. बुवांनी चष्मा शोधला आणि आपल्या यंत्राची खूण वाचायला घेतली. "मोठा के... सात... लहान क्यू... नाही, थांबा, जी." दोनदा चुकले, दोनदा पहिल्यापासून आले. हेरंब एकेक अक्षर पडद्याशी ताडून बघत होता. सगळी जुळली.

त्यानं फोन ठेवला. बोट मात्र कळफलकावर टेकेना.

"महाराज..."

"बोल."

"फोनवर होते ते श्रीधरबुवाच कशावरून?"

...

महाराजांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून त्याच्या मांडीवर टाकला.

"मला काय विचारतोस? पोथीशाळा तुझी."